पूजेत ठेवलेली शर्यत

काकांच्या घरात मी भाडेकरू; माझा हक्क बेसमेंटपुरता होता, आणि तोही चौदा महिन्यांचा. त्यांच्याबरोबर चाळीस-पन्नास वर्षं काढलेली माणसं कॅनडात, हॅमिल्टनमध्ये आहेत. गणपतीत त्यांच्या शेजारी बसणारे डॉक्टर आहेत, स्टील प्लांटमधले जुने सहकारी आहेत. त्यांच्यापैकी कुणीतरी काकांवर चार शब्द लिहील म्हणून मी थांबलो होतो. काकांच्या मुलीला, ताईंना, तसं बोललोही. त्या म्हणाल्या, "ते सगळे बाबांच्या करिअरबद्दल लिहितील रे. त्या पूजेबद्दल तुलाच माहितीये." म्हणून हे धाडस करतो आहे. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिला, आणि शाळेतल्या निबंधानंतर मराठीत मी काही लिहिलेलं नाही. कुठे चुकलं तर ती चूक माझी समजावी.

खोली बघायला गेलो त्या दिवशी दार उघडल्या उघडल्या 'टिक' असा आवाज झाला. ऐंशी ओलांडलेले, उंच, किंचित वाकलेले गृहस्थ. गळ्यात बुटाच्या नाडीने बांधलेलं स्टॉपवॉच. मी वाकून बूट काढत होतो आणि ते काट्याकडे बघत होते.

"दार उघडल्यापासून बूट निघेपर्यंत एक मिनिट चाळीस," ते म्हणाले. "नाडीला असल्या गाठी कोण मारतं रे? गाव कुठलं?"

"करमाळा."

"वडील?"

"एस.टी. डेपोत आहेत. टायरचं काम बघतात."

"वा! मग ये आत. टायरवाल्याचा मुलगा म्हणजे मला बर्फाआधी गाडीचे विंटर टायर बदलायला माणूस मिळाला."

भाड्याचं बोलणं याच्यानंतर झालं, आणि मला ते आता आठवतही नाही. आठवतं ते एवढंच, की इथे येऊन तीन आठवडे झाले होते आणि तोवर वडिलांचं काम ऐकून 'वा' म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं.

काका सगळ्याची वेळ घ्यायचे. चहा साडेतीन मिनिटं. माझी अंघोळ, कारण गरम पाण्याची टाकी एकच. बाहेर आलो की वरून आवाज यायचा, "सहा मिनिटं दहा! राजे, काय अभिषेक चाललाय का?" मी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला लागलो की ते खिडकीत उभे राहायचे आणि अर्ध्यावर काचेवर टकटक करून बोटांनी वेळ दाखवायचे. ते मला 'राजे' म्हणत. पुढे कळलं, की ते पोस्टमनलाही राजे म्हणतात, आणि त्या बिचाऱ्याला वाटायचं की हे त्यांच्या भाषेत 'गुड मॉर्निंग' आहे.

रोज सकाळी ते जवळच्या शाळेच्या ट्रॅकवर जात. दोन फेऱ्या. दोनच. मी एकदा म्हटलं, "काका, तब्येत चांगली आहे, तिसरी मारा की."

"अर्धा मैल म्हणजे दोन फेऱ्या," ते म्हणाले. "तिसरी मारली तर ती शर्यतच वेगळी झाली."

ही अर्ध्या मैलाची गोष्ट त्यांच्या वडिलांची होती. त्यांना ते अण्णा म्हणत. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात अण्णा आमच्याकडच्या एका लहानशा संस्थानात अर्ध्या मैलाचे विजेते होते. सलग चार वर्षं त्यांना कुणी गाठलं नव्हतं. संस्थानिकांनी हौसेने त्यांना इंग्लंडला पाठवलं, तिथे एका साहेबाकडे ते वर्षभर तयारी करत होते, आणि मग बोटीने इकडे येऊन ते हॅमिल्टनमध्ये पळाले. बोटीवरही डेकला फेऱ्या मारायचे. त्यांनी पाठवलेली तीन पोस्टकार्डं काकांकडे होती. एकात लिहिलं होतं: 'इथे बूट घालून पळायला शिकवितात. बुटास खाली खिळे असतात. पाय कैदेत असल्यासारखे वाटतात, परंतु साहेबांचे म्हणणे पडले की अनवाणी शोभत नाही.' हे काकांनी मला इतक्या वेळा वाचून दाखवलं, की मला ते अण्णांच्या आवाजात ऐकू येतं. तो आवाज मी ऐकलेला नाही.

काका तरुणपणी कॅनडात आले तेव्हा त्यांना टोरोंटोत चांगली नोकरी मिळत होती. ती सोडून ते इथल्या स्टील प्लांटमध्ये लागले. का, तर अण्णा ज्या ट्रॅकवर पळाले तो कोळशाच्या राखेचा होता. "आणि ती राख कुठली? आमच्याच भट्ट्यांची असणार! मी पस्तीस वर्षं अण्णांच्या पायाखालची माती बनवली, राजे." त्यांच्या मिसेस असताना या वाक्यावर कपाळाला हात लावायच्या, असं ताई सांगतात.

दिवाणखान्यात एक फोटो होता. वर्तमानपत्राचं कात्रण, पिवळं पडलेलं, चौकटीत घातलेलं. ट्रॅकचं वळण, मागे टोप्या घातलेली गर्दी, पाच गोरे धावपटू, आणि त्यांच्या चार हात पुढे एक सडपातळ काळासावळा तरुण, मान किंचित डावीकडे कललेली. कडेला शेवटच्या फेरीची घंटा वाजवणारा माणूस, म्हणजे पहिली फेरी संपतानाचा क्षण. खाली एक अक्षर नाही. अण्णांनी ते कात्रण अगदी चित्राच्या कडेने कापलं होतं.

"मग दुसऱ्या फेरीत काय झालं?" पहिली टर्म संपल्यावर मी विचारलं.

"माहीत नाही."

"अण्णांनी सांगितलं नाही?"

"परत आल्यावर ते शाळेत ड्रिल मास्तर झाले. आम्हा पोरांना जीव खाऊन पळवायचे. पण स्वतःच्या त्या शर्यतीबद्दल एक शब्द नाही. आणि शर्यतीत कुणाला बूट घालू द्यायचे नाहीत. मला वाटायचं, गरिबी."

"पण काका, इथल्या लायब्ररीत जुने पेपर असतील ना? दोन बस बदलल्या की आली."

काकांनी स्टॉपवॉच उगाच एकदा चालू करून बंद केलं. म्हणाले, "हो. पन्नास वर्षं झाली, ती लायब्ररी तिथेच आहे." मग फोटोकडे बघत म्हणाले, "मी बघत नाही तोवर अण्णा पुढे आहेत."

मी हसलो नाही. त्या टर्ममध्ये मी एका विषयात नापास झालो होतो आणि घरी सांगत होतो, की निकाल अजून लागायचा आहे. मला हसायचा अधिकार नव्हता.

पुढे जे झालं ते माझ्या हातून झालं. सप्टेंबरच्या टर्मला कॉलेजमध्ये एक असाइनमेंट होती. शहरातली एखादी जुनी बातमी शोधायची आणि वर्गापुढे मांडायची. लायब्ररीत जुने पेपर फिल्मच्या रिळांवर असतात. यंत्राला एक मूठ असते, ती फिरवली की पानं सरकतात. मला पुलाची किंवा संपाची बातमी घ्यायची होती, खरंच. पण रीळ मागायला गेलो आणि तोंडातून अण्णांच्या शर्यतीचा तो उन्हाळा निघाला. तासाभराने पानं सरकता सरकता एकदम तो फोटो आला. तीच कललेली मान. आणि खाली, अण्णांनी कापून टाकलेली, दोन कॉलमभर बातमी.

मी आधी वाचायला हवं होतं. पण मला इतका आनंद झाला, की मी तिथूनच काकांना फोन लावला.

"काका, सापडला! अण्णांचा फोटो! आणि खाली मोठी बातमी आहे!"

पलीकडे स्टॉपवॉचची टिक दोनदा ऐकू आली. मग ते म्हणाले, "छापून आण. मला सांगू नकोस. नुसतं आण."

फोन ठेवून मी बातमी वाचली. माझं इंग्रजी तेव्हा फार चांगलं नव्हतं म्हणून तीनदा वाचली. हिंदुस्थानच्या पाहुण्याने पहिली फेरी झपाट्याने घेतली आणि तो सर्वांच्या पुढे होता. दुसऱ्या फेरीच्या पहिल्या वळणावर त्याच्या डाव्या बुटाचे खिळे राखेत अडकले आणि तो तोंडावर पडला. बाकीचे पाच निघून गेले. तो उठला, खाली बसून त्याने दोन्ही बूट काढले, हातात घेतले आणि अनवाणी पळत शर्यत पुरी केली. काही प्रेक्षकांना हसू आवरले नाही. तोवर पंचांनी घड्याळं थांबवली होती, त्यामुळे त्याची वेळ नोंदवलेली नाही.

ते बूट काकांकडे होते. बिस्किटांच्या मोठ्या डब्यात, मऊ फडक्यात. डाव्या बुटाचा एक खिळा नव्हता. काका दर महिन्याला त्यांना तेल लावायचे.

छापलेला कागद पाकिटात घालून घरी आलो. त्या दिवशी खंडेनवमी आहे हे मी विसरलो होतो. आमच्या डेपोत हा मोठा सण. पाने, जॅक, गाड्या धुऊन मांडायच्या, झेंडूची माळ घालायची, आणि एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. काकांकडेही तशीच पूजा होती. साइडबोर्डवर लाल कापड, त्यावर अण्णांचे बूट, विंटर टायरचा पाना, बर्फाचं फावडं भिंतीला टेकवून, माझा लॅपटॉप, आणि नुकतंच गळ्यातून काढलेलं स्टॉपवॉच. मी दारातून सरळ खाली खोलीत गेलो, तोंड धुतलं, वर आलो आणि पाकीट पुढे केलं.

काकांनी ते हातात घेतलं नाही. म्हणाले, "ठेव पूजेत."

मी ठेवलं. त्यांनी त्यावर हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, निरांजन ओवाळलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही. नियम तुला माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी दसरा. मागच्या अंगणात काकांनी एक रेडबडचं झाड लावलं होतं. त्याचं पान आपट्याच्या भावकीतलं आहे असं त्यांचं म्हणणं, आणि दसऱ्याच्या सुमाराला ते पिवळं धमक होतं. आम्ही एकमेकांना ते सोनं दिलं. मी त्यांच्या पाया पडलो. आता उत्तरपूजा होईल आणि पाकीट उघडेल म्हणून मी साइडबोर्डकडे बघत होतो.

काका म्हणाले, "उत्तरपूजा सवडीने करू."

"पण काका, माझा लॅपटॉप..."

"अरे हो. विद्यार्थ्याला सूट." त्यांनी फक्त लॅपटॉपवर अक्षता टाकल्या, तेवढाच जरा हलवला आणि माझ्या हातात दिला. बाकीची पूजा मांडलेलीच राहिली.

ती दिवाळीतही मांडलेलीच होती. नारळाला तडा गेला, झेंडू वाळून त्याची पूड झाली. काका रोज ग्रोसरीतून आणलेलं एखादं फूल वाहायचे आणि पाकिटाकडे न बघता बाजूला व्हायचे. नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला. ताई टोरोंटोहून आल्या तेव्हा मी घरातल्या केराच्या सुपलीने पायऱ्यांवरचा बर्फ काढत होतो.

"हे काय? शोव्हल कुठेय?"

"पूजेत आहे," मी म्हटलं.

ताई आत गेल्या. "बाबा, सिरियसली? आणि टायर बदलायचा पाना?"

"पूजेत."

"दसरा होऊन महिना झाला!"

"उत्तरपूजा व्हायची आहे."

"मग करा ना! दोन मिनिटांचं काम आहे."

"दोन मिनिटांचं आहे की नाही, ते घड्याळ लावल्याशिवाय कसं कळणार? आणि घड्याळ पूजेत आहे."

"यू आर इम्पॉसिबल," असं म्हणत ताई हसत सुटल्या, आणि गाडी गॅरेजमध्ये नेऊन टायर बदलून आणले. पाकिटाचं त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.

पण घर बदललं होतं. माझ्या अंघोळीची वेळ कुणी ओरडत नव्हतं. चहा कधी कच्चा व्हायचा, कधी उकळून कडू. काका ओठांतल्या ओठांत आकडे मोजत, मध्येच विसरत. ट्रॅकवर जायचे तेही एकच फेरी मारून परत येऊ लागले. गुडघा दुखतो म्हणायचे. मला वाटायचं, हे मी केलं. एका माणसाचे वडील पन्नास वर्षं पुढे होते आणि मी एका असाइनमेंटसाठी त्यांना खाली पाडलं.

जानेवारीत एका रविवारी दुपारी राहवलं नाही. काका खिडकीशी बसून संत्रं सोलत होते. मी म्हटलं, "काका, ते पाकीट मी फाडून टाकू का? मी काही वाचलं नाही असं समजा."

"तू वाचलंयस."

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्या दिवशी तू आलास आणि खाली गेलास. तू जिना रोज सात सेकंदांत उतरतोस. त्या दिवशी एकोणीस लागले. घड्याळ ओवाळायला काढून ठेवलं होतं, पण काटा चालूच होता." त्यांनी संत्र्याची एक फोड माझ्यापुढे सरकवली. "जिंकले असते तर तू पाचच सेकंदांत उतरला असतास."

मला रडू आलं. मी माफी मागायला लागलो, तर ते म्हणाले, "तू कशाला? मी हे इतकी वर्षं ओळखूनच आहे. जिंकलेला माणूस खालची अक्षरं कापत नाही." मग म्हणाले, "फक्त एक सांग. बाकी काही नको. पुरी केली का?"

मी मान हलवली. हो.

काकांनी हातातली फोड तोंडात टाकली आणि बराच वेळ चावत राहिले. त्या संध्याकाळी मी घरी फोन करून वडिलांना सांगितलं, की मी त्या विषयात नापास झालो होतो आणि आता पुन्हा परीक्षा देतोय. ते म्हणाले, "मग दे की. सांगायला एवढे दिवस का लावलेस?"

मार्चमध्ये माझा कोर्स संपला आणि टोरोंटोपलीकडे व्हिटबीला एका वेअरहाउसच्या ऑफिसात काम मिळालं. निघालो तेव्हा पूजा तशीच होती. काका दारात उभे राहून माझ्या बॅगांकडे बघत होते. मी वाकून बूट घातले. नाडीची गाठ आता मी साधी मारायला शिकलो होतो. ते म्हणाले, "घड्याळ असतं तर आज विक्रम झाला असता, राजे." मी त्यांच्या पाया पडलो. बस वळली तेव्हा ते अजून दारातच होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मोजत असावेत.

नवीन नोकरीत माझा फोन नंबर बदलला. सगळ्यांना कळवू म्हणता म्हणता राहून गेलं. त्यामुळे काका गेल्याचं मला बारा दिवसांनी कळलं. ताईंनी कॉलेजच्या एका मित्राकडून नंबर मिळवून फोन केला. झोपेत गेले म्हणाल्या. मग त्या म्हणाल्या, "तुला एक सांगायचंय. तू मला बोलला नाहीस त्या पाकिटाचं."

जाण्याच्या तीन आठवडे आधी, एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी काकांनी त्यांना बोलावून घेतलं होतं. अंघोळ करून, सोवळं नेसून बसले होते. उत्तरपूजा केली. ताईंनीच दोन मिनिटं मोजली. मग काकांनी उभ्या उभ्या पाकीट उघडून वाचलं.

"मी विचारलं, बाबा, काय आहे? तर म्हणाले, अण्णा पडले. असं सांगितलं जसं काही आत्ताच फोन आलाय. मग कपडे बदलले, स्टॉपवॉच माझ्या गळ्यात घातलं आणि म्हणाले, चल."

शाळेच्या ट्रॅकवर त्या वेळी कुणी नव्हतं. काकांनी पहिली फेरी बुटांत मारली, काठी टेकत. दुसऱ्या फेरीच्या पहिल्या वळणावर ते खाली बसले. ताई घाबरून धावल्या. ते बूट काढत होते. मग मोजे.

"मी ओरडले, बाबा, इट्स सिक्स डिग्रीज! तर म्हणाले, तू रेषेवर जा. आणि मी येईपर्यंत घड्याळ थांबवायचं नाही, कितीही वेळ लागला तरी." ताई पुढे सांगू लागल्या. "एका हातात काठी, एका हातात बूट, पायजमा वर खोचलेला. मला हसू आलं रे. आय कुडन्ट हेल्प इट. त्यांनी लांबून बघितलं आणि म्हणाले, हस, हस. त्या दिवशीही हसले होते."

मागच्या आठवड्यात ताईंनी पाठवलेलं पाकीट मला मिळालं. तेच पाकीट, हळद-कुंकवाच्या डागांचं. आत मी छापून आणलेला तोच कागद. बातमीची शेवटची ओळ, वेळ नोंदवलेली नाही असं सांगणारी, काकांनी पट्टी लावून पेन्सिलने खोडली आहे. शेजारी समासात त्यांच्या कापऱ्या अक्षरात मराठीत लिहिलं आहे: अठरा मिनिटे बेचाळीस सेकंद.